आज्ञापालनाची सीमा



मठ आणि पाठशाळा या दोन्ही संस्था आज्ञापालनावर उभ्या आहेत. पहाटेच्या स्नानापासून रात्रीच्या आवर्तनापर्यंत विद्यार्थ्याचा दिवस दुसऱ्याच्या सांगण्याने चालतो. म्हणूनच अशा ठिकाणी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. ज्याला ऐकण्याचे वळण लाविले, तो अयोग्य आज्ञेपुढेही मान तुकवील काय? आणि अशा वेळी जे थोडे लोक मान तुकवीत नाहीत, त्यांना ते बळ येते कोठून?

या प्रश्नाची एक कठोर परीक्षा अमेरिकेतील येल विद्यापीठात १९६१ साली सुरू झाली. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने स्मरणशक्तीच्या अभ्यासाचे निमित्त सांगून सामान्य नागरिकांस बोलाविले. आलेल्या प्रत्येकास ‘शिक्षक’ नेमले. पलीकडच्या खोलीतील ‘विद्यार्थी’ चुकला की त्याला विजेचा धक्का द्यावयाचा, आणि दर चुकीस तो १५ व्होल्टने वाढवावयाचा. शेवटची कळ ४५० व्होल्टची. विद्यार्थी हा मिलग्रॅमचाच माणूस असून धक्के खोटे होते. परंतु शिक्षकास हे ठाऊक नव्हते. तो कचरू लागला की करड्या रंगाचा डगला घातलेला प्रयोगकर्ता शांतपणे पुढे चालविण्यास सांगे. या फसवणुकीवर पुढे पुष्कळ टीका झाली व ती अस्थानी नव्हती. तथापि जे दिसले ते विसरता येत नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात ४० पैकी २६ जणांनी शेवटची कळ दाबल्याची नोंद आहे. ही माणसे क्रूर नव्हती. त्यांना घाम फुटत होता, शरीर कापत होते. तरी हात थांबला नाही. उरलेले १४ मात्र थांबले.

थांबणारे स्वभावतःच हट्टी किंवा उद्धट असतील, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती निराळी दिसते. या प्रयोगमालेत झाल्या गोष्टीची जबाबदारी कोणाकडे किती, असे विचारले असता नकार देणाऱ्यांनी सर्वांत मोठा वाटा स्वतःकडे घेतला. आज्ञा पाळणाऱ्यांनी मात्र धक्के खाणाऱ्या विद्यार्थ्यावरच नकार देणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट भार टाकला. वाल्या कोळ्याची कथा आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. पापाचा वाटा घरचे कोणी घेणार नाही, हे कळले त्या क्षणी त्याची कुऱ्हाड खाली आली. नकाराचा उगम बहुधा याच जाणिवेत असतो. आज्ञा दुसऱ्याची असली तरी कर्म आपलेच राहते.

दुसरी गोष्ट वेळेची. या प्रयोगांची एक फेरतपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. विद्यार्थी प्रथमच सुटकेची मागणी करतो त्या १५० व्होल्टच्या टप्प्यावर नकाराचा संभव सर्वाधिक होता, असे तीत आढळले. ती वेळ हुकली की प्रत्येक पुढची पायरी मागच्या पायरीएवढीच लहान वाटू लागते. तिसरी गोष्ट सोबतीची. जेथे शेजारच्या दोन सहकाऱ्यांनी आधी नकार दिला, तेथे ४० पैकी केवळ चौघे शेवटपर्यंत गेले.

थांबणाऱ्यांत जुन्या कराराचे अध्यापन करणारे एक गृहस्थ होते. ईश्वर हीच ज्याची अंतिम सत्ता, त्याला मनुष्याची सत्ता क्षुल्लक वाटते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे मिलग्रॅमने आपल्या १९७४ च्या ग्रंथात नमूद केले आहे. हा मनुष्य आज्ञापालन सोडीत नव्हता; तो श्रेष्ठ आज्ञा पाळीत होता.

असाच एक आज्ञापालक महाराष्ट्राच्या इतिहासात होऊन गेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि सत्ता राघोबादादांच्या हाती आली. रामशास्त्री प्रभुणे हे त्याच राज्याचे न्यायाधीश, त्याच राज्याचे अन्न खाणारे. त्यांनी दादांना दोषी धरले, देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले, आणि पद सोडून पुणे सोडले. शास्त्रीबोवा बंडखोर नव्हते. काशीस अध्ययन केलेला हा पुरुष धर्मशास्त्रापुढे आयुष्यभर वाकला होता, म्हणून खुनी सत्तेपुढे त्यांना वाकता आले नाही. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफने त्यांच्याविषयी एक साधी गोष्ट लिहून ठेवली आहे : दिवसाच्या गरजेहून अधिक असे काही ते घरात ठेवीत नसत. ज्याला गमवावयाचे थोडे, त्याला भय घालणे अवघड. शास्त्राने त्यांना दिशा दिली आणि अपरिग्रहाने पाय मोकळे ठेवले.

तेव्हा आज्ञापालन शिकविणारी पाठशाळा निर्भय माणसे घडवू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर पाठशाळा काय शिकविते यावर अवलंबून आहे. तैत्तिरीयोपनिषदात घरी परतणाऱ्या शिष्यास आचार्यांना देव मानण्यास सांगितले आहे, आणि त्यालाच लागून, आमचे जे चांगले आचरण तेवढेच घ्यावे, इतर घेऊ नये, असेही बजाविले आहे. आपल्या आज्ञेला सीमा स्वतः गुरूच घालीत आहेत. गीतेच्या शेवटच्या अध्यायातही भगवंत अर्जुनास सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर, असे म्हणतात.

ही सीमा ग्रंथात राहून चालणार नाही. तिचा अभ्यास लहानपणीच व्हावयास हवा. संथा देताना गुरुजींचा स्वर चुकला, तर ते विनयाने दाखविण्याची मुभा सर्वांत धाकट्या विद्यार्थ्यासही असली पाहिजे, आणि त्याने दाखविल्यावर गुरुजींनी तो स्वर सुधारून पुन्हा म्हटला पाहिजे. त्या दिवशी तो मुलगा जे शिकेल, ते पुढे एखाद्या कचेरीत, सभेत किंवा जमावात, सारे मान डोलावीत असता, त्याच्या उपयोगी पडेल.