आषाढातील बोनालू : देवीची मिरवणूक आणि गावाची शीव
(शिक्षक व ग्रामसेवक यांच्या मेळाव्यातील भाषण)



आषाढ लागला की आपल्याकडील वाटा पंढरपूरकडे वळतात. त्याच महिन्यात हैदराबाद शहरातील स्त्रिया डोक्यावर सजविलेली मडकी घेऊन देवीच्या दर्शनास निघतात. हा तेथील बोनालू उत्सव होय. मराठवाडा १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे या उत्सवाशी आपले जुने शेजारपण आहे. २०१४ साली तेलंगण राज्य स्थापन होताच त्याला राज्य-उत्सवाचा मान देण्यात आला.

'बोनम' म्हणजे भोजन. दूध व गूळ घालून शिजविलेला भात नव्या मडक्यात भरावयाचा, मडक्यास हळदीकुंकू लावावयाचे, कडुलिंबाचा पाला बांधावयाचा आणि वर दिवा तेवत ठेवावयाचा, अशी ही रीत आहे. आषाढात देवी माहेरी येते, अशी श्रद्धा असल्यामुळे या नैवेद्यात माहेरवाशिणीच्या पाहुणचाराचा जिव्हाळा असतो. उत्सवाचा प्रारंभ गोवळकोंडा किल्ल्यावरील जगदंबेच्या मंदिरात होतो. पुढे सिकंदराबादची उज्जयिनी महांकाली आणि त्यानंतर जुन्या शहरातील लाल दरवाजाची सिंहवाहिनी, असा हा क्रम महिनाभर चालतो.

मिरवणुकीच्या अग्रभागी असतो पोतराजू. तो देवीचा भाऊ मानला जातो. अंगाला हळद, कमरेला कडुलिंबाचा पाला आणि हाती कोरडा, असा त्याचा वेष पाहताच आपल्याला मरीआईचा पोतराज आठवल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या दिवशी 'रंगम' होतो. कच्च्या मडक्यावर उभी राहून एक स्त्री येत्या वर्षाचे भविष्य सांगते. पाऊस कसा पडेल, रोगराई येईल काय, हेच प्रश्न लोक तिला विचारतात.

शेवटी निघते ती घटाची मिरवणूक. देवीच्या रूपात सजविलेला घट जुन्या शहरातून नेला जातो. त्यात हरिबावलीच्या आकण्णा-मादण्णा मंदिराचा घट हत्तीवरून निघतो. १६७७ साली शिवछत्रपती भागानगरास गेले, तेव्हा कुतुबशाहीचा कारभार पाहणारे मादण्णापंत ते हेच. ठिकठिकाणच्या मंदिरांचे घट वाटेत येऊन मिळतात, चारमिनारवरून मिरवणूक पुढे सरकते आणि नयापुलाजवळ मुसी नदीत घटांचे विसर्जन होते.

या उत्सवाच्या मुळाशी भय आहे. परंपरा अशी सांगते की, १८१३ च्या सुमारास शहरात मोठी साथ पसरली. तेव्हा उज्जैनला असलेल्या सुरिती अप्पय्या नावाच्या एका लष्करी सेवकाने महांकालीला नवस केला आणि परतल्यावर सिकंदराबादेत तिची स्थापना केली. पुढे सप्टेंबर १९०८ मध्ये मुसीला महापूर आला व हजारो माणसे दगावली. त्या वेळी निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीची व देवीची पूजा केली, असे आजही सांगितले जाते. राजा एका धर्माचा आणि देवी दुसऱ्या धर्माची. परंतु संकट सर्वांचे होते.

तथापि हैदराबाद तेवढ्यावर थांबले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्या यांचा सल्ला घेण्यात आला. १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. याच सिकंदराबादेत १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या शरीरात हिवतापाचा जंतू शोधून काढला. श्रद्धेने धीर दिला, विद्येने उपाय दिला.

आता आपल्या गावाकडे पाहू. पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा सजवीत आणि वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे लोटावयाचा. त्या भाबड्या रीतीमागील भीती आपण समजू शकतो. पण रोग शीव ओळखत नाही. वरच्या गावाने ओढ्यात टाकलेली घाण खालच्या गावाच्या विहिरीत उतरते. ज्या मुसीत घट विसर्जित होतो, ती नदी आज शहराच्या सांडपाण्याने मलिन झालेली आहे. देवीला निरोप देतो ते पाणी स्वच्छ ठेवणे हाही पूजेचाच भाग नव्हे काय?

शिक्षकांनी मुलांना पोतराजाची परंपरा सांगावी. त्याबरोबरच पाठीवर कोरडे ओढून घेत दारोदार मागत फिरण्याची वेळ कोणाच्याही मुलावर येऊ नये, त्याच्या हाती पाटीपुस्तक यावे, हेही सांगावे. ग्रामपंचायतींनी यात्रेचा मांडव घालण्यापूर्वी विहिरीत टीसीएल पावडर टाकली आहे ना, शौचाची व्यवस्था आहे ना, हे पाहावे. उत्सवाची वर्गणी मोजताना नळाच्या गळतीचाही हिशेब मांडावा.

बोनालूतील स्त्री डोक्यावरील दिवा विझू न देता गर्दीतून चालते. कारण ते अन्न केवळ तिचे नसते, ते देवीचे आणि पुढे प्रसादरूपाने सर्वांचे असते. गावाचे आरोग्यही असेच सर्वांचे आहे. ते तितक्याच जपणुकीने वाहून न्यावे आणि आपले संकट शेजाऱ्याच्या शिवेत लोटू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.