रताळं खावं, पण बेतानं



महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन आलं, की दुसऱ्या दिवशी निम्म्या बायकांचं पोट गच्च झालेलं असतं. देवाच्या उपासाचं आहे, बोलायचं कसं, म्हणून कुणी बोलत नाही. आमच्या बचत गटात मात्र हा विषय निघाला, की आधी हसू फुटतं आणि मग सगळ्याच बोलायला लागतात.

बोल लागतो रताळ्याला. रताळ्यातला काही पिष्टाचा भाग आणि चोथा लहान आतड्यात पुरता पचत नाही. तो पुढं मोठ्या आतड्यात गेला, की तिथले जिवाणू त्यावर जगतात आणि वायू तयार होतो. हा काही रोग नाही. उलट त्याच चोथ्यानं पोट साफ होतं. पण दिवसभर उपाशी राहायचं, संध्याकाळी अर्धा किलो रताळी, वर भगर आणि दाण्याची आमटी, मग पोटानं काय करावं? रताळं अर्धकच्चं राहिलं तर त्रास आणखी वाढतो. सुरी सहज आरपार जाईल इतकं उकडा. एका वेळी एक मध्यम रताळं पुरे. आणि फक्त उपासालाच कशाला, आठवड्यातून दोनदा थोडं थोडं खाल्लं तर पोटाला सवय होते. साखरेचा आजार असेल तर भाजलेल्यापेक्षा उकडलेलं बरं, तेही भाकरीच्या जागी, भाकरीवर नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. छातीत दडपण, घाम, दम लागणं, हात किंवा जबडा दुखणं, हे गॅस म्हणून ओवा चावत बसायचं दुखणं नाही. लगेच दवाखाना गाठा. शेजारणीला तसं होत असेल तर तिचं ऐकू नका, तिला घेऊन जा.

आता लावणीचं. वसमतकडं हळदीसाठी जीव टाकतात, तसं रताळ्यासाठी कुणी टाकत नाही. परसातला एक तुकडा त्याला पुरतो. शिवरात्रीला काढायचं तर दसरा-दिवाळीच्या सुमारास लावा, साडेतीन-चार महिन्यांत तयार होतं. बी लागत नाही. वेलाच्या शेंड्याकडचा फूटभर फाटा घ्यायचा, दोन-तीन डोळे मातीत जातील असा वरंब्यावर लावायचा. दोन वरंब्यांत दोन फूट, दोन फाट्यांत वीतभर. हलकी, पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडा. भारी काळ्या रानात रताळी वेडीवाकडी होतात. त्यातून काळी माती वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांतून सोंड्या भुंगा रताळ्यापर्यंत पोचतो. म्हणून मातीची भर देत राहा, भेगा पडू देऊ नका, आणि त्याच जागी लागोपाठ रताळं घेऊ नका.

किडलेलं रताळं कडू लागतं. तो कडवटपणा उकडूनही जात नाही. आपण खायचं नाही, आणि म्हशीपुढंही टाकायचं नाही. बुरशी धरलेल्या रताळ्यानं जनावराच्या फुप्फुसाला सूज येऊन ते दगावू शकतं. चांगला हिरवा वेल मात्र जनावरं आवडीनं खातात, आणि कोवळ्या पाल्याची भाजी आपल्यालाही चालते.

तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची ‘भू सोना’ नावाची केशरी गराची जात आहे. तिच्यातून अ जीवनसत्त्व मिळतं, लेकरांच्या डोळ्यांना चांगलं. थोडं तूप घालून द्या, म्हणजे ते अंगी लागतं. कृषी विज्ञान केंद्रात तिची चौकशी करायला आपण गटानं मिळून जाऊ; एकटीनं विचारलं तर ‘मालक कुठं आहेत’ हा प्रश्न आधी येतो.

साधं बेणं आमच्याकडं आहे. ज्यांना हवं त्यांनी पुढच्या बैठकीला ओलं पोतं घेऊन या, फाटे वाटेत सुकायला नकोत.