टीकाकार भांडतो कुणाशी?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘समीक्षा आणि समाज’. विषय भारदस्त आहे. माझं म्हणणं मात्र एका ओळीचं. साहित्याचा कुठलाही सिद्धान्त हातात आला की आधी बघावं, मांडणारा त्या वेळी कुणाशी भांडत होता. फडके-खांडेकरांचा कलेसाठी कला की जीवनासाठी हा वाद तुम्हाला पाठ आहे, निदान परीक्षेपुरता होता. (हशा) तो सोडून देतो.

मी 1885 धरतो. पुण्यात ग्रंथकार सभा भरायची होती. रानड्यांकडून जोतीराव फुल्यांना बोलावणं गेलं. फुले गेले नाहीत. त्यांनी पत्र पाठवलं. आशय असा, की शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क द्यायची ज्यांची तयारी नाही, त्यांच्या ग्रंथांत आमची दुःखं उतरणार कशी? हे पत्र आपण संमेलनाच्या इतिहासात वाचतो, एक बाणेदार नकार म्हणून. मी म्हणतो, ही समीक्षा आहे, आणि अस्सल आहे. अनुभव कुणाचा, वाचक कोण, निवाडा कुणी करायचा, तिन्ही प्रश्न त्यात आहेत. आणि बोलावणारे कोण? ज्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेच रानडे! म्हणजे आज आपण सगळे कुणाच्या मांडवात बसलोय, बघा. (हशा) हसा, पण खुर्च्यांवरून उठू नका. रानड्यांनी निदान बोलावलं होतं.

पुढच्या रांगेतले सर मान हलवताहेत. ओळखलं सर, मर्ढेकरांचं काय? लयीची त्यांची तत्त्वं: संवाद, विरोध, समतोल. कलाकृती तिच्या अंतर्गत रचनेवरूनच जोखा म्हणणारा माणूस. इथे समाज कुठून आणलात? सांगतो. मर्ढेकरांचा कवितासंग्रह ‘काही कविता’ 1947 चा. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, 1952 मध्ये ते निर्दोष सुटले. त्यांचं सिद्धान्ताचं पुस्तक ‘आर्ट्स अँड मॅन’ 1937 चं, म्हणजे खटल्याच्या आधीचं, हे मलाही ठाऊक आहे. खटल्यातून सिद्धान्त निघाला असं मी म्हणतच नाही. पण एका बाजूला नीतीचे राखणदार, दुसऱ्या बाजूला बांधिलकी मागणारे, तिसरीकडे सरकारी वकील. सगळे कवितेला बाहेरची फूटपट्टी लावायला टपलेले. अशा वेळी ‘आतलं माप लावा’ म्हणणं हेही भांडणच आहे, सर. स्वायत्ततेची गरज ज्याच्यावर दडपण येतं त्यालाच कळते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? तीन. बरं.

1958 चं मुंबईतलं दलित साहित्य संमेलन, अण्णा भाऊ साठ्यांनी केलेलं त्याचं उद्घाटन, बाबुराव बागुलांच्या कथा, नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह ‘गोलपिठा’, आणि 1996 मधलं शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ हा माझा शेवटचा मुद्दा होता. अभ्यासक्रमातही तो शेवटीच असतो, आणि तास नेमका तिथेच संपतो. पुढच्या वर्षी बोलावलंत, तर सुरुवात तिथून करीन. मर्ढेकरांना मग वेळ उरला नाही तर तक्रार करू नका.