डाव्या बरगडीखालची सूज



मेळघाटात किंवा गडचिरोलीत कुणाच्या डाव्या बरगडीखाली पानथरी हाताला लागली, की आपण म्हणतो, मलेरिया असेल, नाहीतर सिकलसेल. पण कधीकधी तो सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर असतो. साध्या सीबीसीत पांढऱ्या पेशी लाखावर गेलेल्या दिसतात. म्हणून अशा माणसाची सीबीसी कराच.

मी डॉक्टर नाही, धर्मशास्त्राचा डिप्लोमावाला. मेडिकलच्या रांगेत रुग्णांबरोबर उभे राहून जे समजले, ते सांगतो.

पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या आजारात ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून अदलाबदल होतात. आखूड झालेले ते गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांनी पाहिले, म्हणून त्याला त्या शहराचे नाव. अदलाबदल दाखवली जॅनेट राउली यांनी, १९७३ मध्ये. त्या जोडातून बीसीआर-एबीएल हा जनुक तयार होतो आणि पेशी बेसुमार वाढतात.

शंभरातल्या पाच ते दहा जणांत तिसरे गुणसूत्रही गुंतते. रिपोर्टवर ‘व्हेरिअंट’ असे येते आणि घरचे हात टेकतात. तसे करू देऊ नका. मूळ जनुक तोच, गोळीही तीच, इमॅटिनिब. आणि तिचा गुणही बहुधा इतरांइतकाच येतो. क्वचित गुणसूत्रांच्या तपासणीत काहीच दिसत नाही. तेव्हा फिश किंवा पीसीआर तपासणीत तो जनुक सापडतो.

दुसरी भीती लग्नाची. लग्नाआधी सिकलसेल तपासा, असे आपणच गावोगाव सांगतो, त्यामुळे गुणसूत्र म्हटले की लोकांना ‘घराण्यातला दोष’ वाटतो. सीएमएलमधला बदल जन्मानंतर, रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत होतो. आईबापांकडून येत नाही, मुलांना जात नाही. रुग्णाच्या बहिणीचे लग्न मोडत असेल, तर हे सांगायला स्वतः जा.

पैशाचे म्हणाल, तर १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेकचे पेटंट नाकारले, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी टिकली. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. योजनेचे कागद तेच सांगतात.

खरी अडचण पुढे येते. दोन-तीन महिन्यांत पानथरी उतरते, माणूस धानाच्या रोवणीला जातो आणि गोळी सुटते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती बंद करायची नाही. पट्टी संपायच्या आठ दिवस आधी त्याच्या घरी चक्कर मारा आणि उरलेल्या गोळ्या मोजा.