धूर, वाफ आणि निखारा



चिलीम आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. मातीची, वर रुंद, खाली निमुळती. आत एक खडा, खड्यावर तंबाखू, तंबाखूवर विस्तव आणि खाली तोंडाशी ओल्या फडक्याची छापी. कुंभाराने घडवलेल्या या वस्तूला कोणी यंत्र म्हणत नाही. पण विचार केला तर ते यंत्रच आहे. खडा निखाऱ्याला अडवतो आणि हवेला वाट देतो. छापी धूर गार करते. एवढ्याशा मातीच्या नळीत उष्णता कुठे ठेवायची आणि धूर कुठून न्यायचा, याचा हिशेब कोणीतरी नीट केलेला आहे.

गुडगुडीवाला याच्याही पुढे गेला. त्याने गूळ कालवलेली तंबाखू घेतली, निखारा आणि तंबाखू यांच्यामध्ये मातीची चकती ठेवली आणि धूर पाण्यातून फिरवला. म्हणजे तंबाखू जाळण्याऐवजी भाजायची! आजकाल शहरांतून ज्या विजेच्या नळ्यांची चर्चा चालते, त्यांचे मूळ या कल्पनेतच आहे, आणि तिच्याशी आपल्या दख्खनचा जुना संबंध आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. तेथून परतताना त्याने तंबाखू आणि ती ओढण्याची नळी बादशहासाठी नेली. ही गोष्ट १६०४-०५ च्या सुमाराची. बादशहाने झुरके घेतले आणि दरबारच्या हकिमाने तेव्हाच हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखू ओढण्यास मनाईच केली. ती कितपत पाळली गेली, ते आपण जाणतोच.

गुडगुडीच्या पाण्याबद्दल एक समज फार जुना आहे. धूर पाण्यातून गेला म्हणजे तो धुऊन निघाला! तसे होत नाही. पाणी धुराला गार करते, त्यामुळे तो घशाला बोचत नाही आणि झुरका लांब घेता येतो. कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तो बुडबुड्यांबरोबर सरळ वर येतो. घशाला मऊ लागते म्हणून ते छातीलाही मऊ, हा हिशेब चुकीचा आहे. नव्या यंत्रांचा विचार करताना एवढे ध्यानात असू द्या.

ही नवी यंत्रे कशी चालतात? त्यासाठी फार लांब जायला नको. डासांसाठी आपण घरात काय लावतो ते पाहा. एक असते जळणारी कॉइल. ती धुमसते, धूर देते. दुसरी असते औषध भिजवलेली वडी. ती विजेच्या तापत्या पत्र्यावर ठेवतात. वडी जळत नाही, नुसती तापते. तिसरी असते औषधाची बाटली. तिच्यात वात असते आणि वातीच्या टोकाशी विजेची उष्णता. सिगारेट आणि बिडी म्हणजे ही कॉइल. तंबाखू तापवणारे यंत्र म्हणजे वडी. आणि ज्याला मुले ‘वेप’ म्हणतात ती म्हणजे वातीची बाटली. बाटलीतून धूर निघत नाही हे खरे. पण म्हणून तिला तोंड लावून कोणी श्वास घेत नाही.

आता थोडे आकडे, विशेषतः शिक्षक मित्रांसाठी. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाशी सुमारे ९०० अंश सेंटिग्रेड उष्णता असते. निकोटिन उकळते २४७ अंशांवर. म्हणजे निकोटिन बाहेर काढण्यासाठी एवढ्या आगीची गरजच नाही. हे ओळखून अमेरिकेतल्या रेनॉल्ड्स कंपनीने १९८८ मध्ये टोकाला कोळसा बसवलेली ‘प्रीमियर’ नावाची कांडी काढली. ही गुडगुडीचीच धाकटी बहीण! चव कोणाला रुचली नाही आणि वर्षभरातच ती बाजारातून उठली. पुढे कोळशाच्या जागी बॅटरी आली. फिलिप मॉरिस कंपनीने २०१४ मध्ये जपानमधल्या नागोया शहरात ‘आयकॉस’ विकायला आणले. त्यात तंबाखूच्या कांडीत एक पातळ पाते घुसते आणि सुमारे ३५० अंशांपर्यंत तापते. पात्यावर प्लॅटिनमची बारीक रेघ असते. धातू तापला की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो, हे आपण वर्गात शिकवतो. तो रोध मोजून यंत्राला आपली उष्णता कळते आणि ते वीज कमी-जास्त करते. तापवणारी रेघ तीच आणि तापमापकही तीच. कारागिरी म्हणून ही अक्कल नाकारता येत नाही.

या यंत्रातून निघते त्याला लोक वाफ म्हणतात. चहाच्या किटलीकडे नीट पाहा. तोटीच्या अगदी लगत काहीच दिसत नाही. थोड्या अंतरावर पांढरे दिसू लागते. न दिसणारी ती वाफ. पांढरे दिसतात ते गार होऊन बनलेले थेंब. या यंत्रातही तसेच. तंबाखूत किंवा द्रवात ग्लिसरीन घातलेले असते. ते तापून उडते, गार होऊन बारीक थेंबांचे धुके बनते आणि त्याबरोबर निकोटिन फुप्फुसांत खोलवर जाते. वेपची वात कोरडी पडली तर ग्लिसरीन करपते. कढईत तेल जळले की डोळ्यांना जे झोंबते, तो अ‍ॅक्रोलिन वायू त्यातून निघतो.

आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा मळून खाण्याचीच चाल मोठी. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे शंभरात चारही भरले नाहीत. न ओढता खाणारे-लावणारे २४ होते. तंबाखूला चुना का लावतात, हे तरी किती जणांना ठाऊक असते? पानातले निकोटिन आम्लाशी बांधलेले असते. चुना ते सोडवतो आणि ते तोंडाच्या आतल्या कातडीतून झटकन रक्तात जाते. वेपवाल्यांनी याच्या नेमके उलटे केले. सुटे निकोटिन घशाला टोचते, म्हणून अमेरिकेतल्या ‘जूल’ने २०१५ मध्ये त्यात बेन्झॉइक आम्ल घातले. टोचणी गेली, आणि कोवळ्या पोरालाही कडक मात्रा खोकल्याविना घेता येऊ लागली. मला विचाराल तर सगळ्या रचनेतली सर्वांत घातक युक्ती हीच. खोकला हा शरीराचा राखणदार. त्यालाच गप्प केले.

न जाळल्यामुळे काही विषे घटतात का? घटतात. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयकॉसला ‘घातक द्रव्यांशी संपर्क कमी’ असे म्हणण्याची परवानगी दिली. ‘रोगाचा धोका कमी’ असे म्हणण्याची मात्र दिली नाही. ही दोन वाक्ये जाहिरातीत सारखीच ऐकू येतात. विकणारा त्याचाच फायदा घेतो.

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने अशा यंत्रांचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात बंद आहे. तंबाखू तापवणारी यंत्रे आणि विजेचा हुक्का यांचीही नावे त्या कायद्यात आहेत. पण वस्तू लहान, पेनासारखी. मुखेडची कितीतरी मुले शिकायला नांदेड-लातूरला राहतात. सुट्टीत परत येतात तेव्हा दप्तरात काय येते, ते घरी कळतेच असे नाही. गोड फळासारखा वास, तोंडाकडे चपटी नळी, खाली चार्जिंगचे छिद्र असे काही सापडले तर मुलाला चारचौघांत उभे करू नका. बाजूला घेऊन विचारा, किती दिवस झाले आणि सकाळी उठल्याबरोबर लागते का. लागत असेल तर सवय मुरली आहे, असे समजा. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा बिनपैशाचा दूरध्वनी आहे. तेथे सल्ला मिळतो.

आणि सापडलेली नळी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. तिच्यातली बॅटरी आगीत फुटते. आणि आतला द्रव लहान लेकराने चाटला, तर लगेच दवाखाना गाठावा लागतो.