नव्या ट्रकचालकाची पहिली नोकरी : बोली आणि हिशेब

नव्या ट्रकचालकाला नोकरीची बोली बहुधा एकाच आकड्यात सांगितली जाते : महिन्याला अमुक हजार. सांगणारा कधी गाडीमालक असतो, कधी त्याचा मुनीम, कधी ट्रान्सपोर्ट नगरातला दलाल, तर हल्ली मोबाइलवर जाहिरात टाकणारा भरती एजंट. ऐकणारा तरुण वीस वर्षे पूर्ण केलेला असतो, कारण त्याआधी कायद्याने मालवाहू गाडी चालवता येत नाही. हलक्या वाहनाच्या परवान्यावर किमान एक वर्ष काढून त्याने पुढचा परवाना मिळवलेला असतो आणि बऱ्याचदा तो क्लीनर म्हणून बरेच रस्ते पाहून आलेला असतो. गाडी त्याला कळते. प्रशिक्षण शाळांत रिव्हर्स शिकवतात, घाटातले गिअर शिकवतात; फेरीचा हिशेब कुणी शिकवत नाही. या परिषदेत शाळाचालक आणि गाडीमालक दोघेही बसलेले असल्याने हे स्पष्ट बोललेले बरे.

सांगितलेल्या आकड्यात सहसा तीन वेगळे पैसे एकत्र केलेले असतात. पहिला पगार. गाडी उभी असली तरी तो मिळायला हवा. दुसरी खुराकी, म्हणजे रस्त्यावरच्या जेवणखाणाचा भत्ता, दिवसावर किंवा फेरीवर. तिसरी बचत. मालक फेरीसाठी ठोक रक्कम हातावर ठेवतो. तिच्यातून डिझेल, पंक्चर, हमाली, वाराई भागवायची आणि उरेल ते चालकाचे. एजंट या तिन्हींची बेरीज करून सांगतो. खुराकी वाटेतच पोटात जाते, म्हणून ती कमाईत धरता येत नाही. बचतीचे तर नशीबच वेगळे. समजा, कळंबोलीहून इंदूरला गाडी ठोक रकमेवर निघाली. धुळ्याजवळ टायर गेला, उतरवताना जादा हमाली पडली आणि परतीचा माल दोन दिवस मिळाला नाही, की बचत तर जातेच, वर चालकाला पदरचे घालावे लागतात. मालाची आणि रस्त्याची जोखीम अशा व्यवहारात मालकाकडून चालकाकडे सरकते. अनुभवी चालक ती ओळखून रक्कम वाढवून घेतो. नवा घेऊ शकत नाही, आणि ठोक बोली नव्यालाच जास्त गोड करून सांगितली जाते.

म्हणून टायर फुटला तर कुणाचा, फास्टॅग कोण भरणार, रिकामी गाडी परत आणावी लागली तर डिझेल कुणाचे, हे फेरी सुरू होण्याआधी विचारायचे असते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न थांबण्याचा. न्हावा शेवा बंदराबाहेर कंटेनरची गाडी रांगेत अडकली किंवा गोदामात माल उतरवायला कुणी नसले, तर फेरीवर पैसे घेणाऱ्याचा तो दिवस फुकट जातो. माल पाठवणारा गाडी अडकल्याबद्दल हॉल्टिंग देतो ते मालकाला. त्यातले चालकाच्या हाती किती येते, हे बोलीत क्वचितच निघते. महिन्याला इतक्या फेऱ्या होतीलच, असे आश्वासन देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांच्या फेऱ्यांची वही दाखवावी. वही दाखवायला खळखळ करणाऱ्याकडे फेऱ्या बहुधा कमीच असतात.

डिझेलच्या अ‍ॅव्हरेजवरून, म्हणजे ठरवल्यापेक्षा जास्त डिझेल जळाल्याबद्दल, होणारी कपात हा नेहमीच्या भांडणाचा विषय. एसीमुळे त्यात भर पडली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, तेव्हापासून जाहिरातीत ‘एसी गाडी’ हा शब्द आला आहे. पण जुन्या गाड्यांना तो नियम नाही. आणि मालकाने अ‍ॅव्हरेज एसी बंद धरून ठरवले असेल, तर कपात टाळण्यासाठी चालक मे महिन्यातही काच खाली करूनच गाडी हाकणार.

जादा माल भरण्याबाबत ‘कंपनी बघून घेईल’ हे आश्वासन सर्वांत स्वस्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. तो गाडी चालवणाऱ्यालाही लागू होतो. दंड मालक भरील, हे लेखी नसेल तर तो पुढच्या पगारातून वळता होतो. उचल देऊन मूळ परवाना ठेवून घेण्याची प्रथाही तितकीच वाईट. डिजिलॉकरमधला परवाना रस्त्यावर चालतो, तेव्हा मूळ परवाना मालकाच्या कपाटात ठेवण्याला अडवणुकीखेरीज काही कारण उरत नाही.

लेखी नेमणुकीचे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केले, पण दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. देशातले बहुतेक ट्रक दोनचार गाड्यांच्या मालकांकडे आहेत. १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा निदान पाच कामगारांपासून लागू होत असे. त्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते, रस्त्यावर ते कितपत पाळले गेले हे सर्वांना ठाऊक आहे. नेमणूकपत्र मिळालेच, तर त्यात पगार किती आणि भत्ता किती लिहिला आहे ते पाहावे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आणि अपघाताची भरपाई मुळात पगारावरून काढली जाते. पगार तोकडा आणि भत्ता फुगवलेला असेल, तर तोटा घरच्यांना नेमका अपघातानंतर कळतो.

घरी लवकर सोडण्याचे वचनही तपासून घेण्यासारखे असते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो कंपनीने टप्प्याटप्प्यावर चालक बदलून प्रत्येकाला घरी परत पाठवण्याची पद्धत आणली होती. २०२२ मध्ये तिचा एक्स्प्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. अशी साखळी जिथे नाही, तिथे सुट्टी परतीच्या मालावर अवलंबून असते.

आखाती देशांच्या नोकरीत आणखी एक पायरी असते. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापलीकडे शुल्क घेता येत नाही आणि त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. इथला जड वाहनाचा परवाना घेऊन दुबईत थेट ट्रक चालवता येत नाही. तिथला परवाना काढावा लागतो. तो मिळेपर्यंत पगार सुरू राहणार का, परीक्षेची फी कुणाची आणि नापास झाल्यास परतीचे तिकीट कुणी काढायचे, हे निघण्याआधीच्या करारात लिहून घ्यावे लागते.