शुद्ध विकर, खरा रिपोर्ट

रक्तातील युरिया मोजण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत युरिएज हे विकर, म्हणजे एन्झाइम, वापरतो. ते प्रथम शुद्ध केले अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स समनर यांनी. या डावखुऱ्या माणसाचा डावा हातच सतराव्या वर्षी गेला होता. तरी नऊ वर्षे खपून, आपल्या अबईच्या भाऊबंद शेंगेच्या बियांचे पीठ पाणीमिश्रित ॲसिटोनमध्ये कालवून, गाळून, थंडीत ठेवून १९२६ साली त्यांनी युरिएजचे स्फटिक मिळवले. विकर हे प्रथिन असते, हे नामांकित शास्त्रज्ञांनाही पटेना. १९४६ मध्ये नोबेल मिळाले. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे उपचार ठरवताना डॉक्टर आमचा आकडा पाहतात. विकरात भेसळ राहिली, तर तोच चुकू शकतो. गणपती बाप्पा मोरया!